ग्रासकटरवरील संशोधन कसे वाचावे : गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी आणि पशुपालकांसाठी मार्गदर्शन

पश्चिम आफ्रिकेतील घाना, नायजेरिया, बेनिन आणि टोगो या देशांत ग्रासकटर नावाचा मोठा कृंतक (उंदीर-घुशींसारखा कुरतडणारा) प्राणी मांसासाठी पिंजऱ्यात किंवा सिमेंटच्या खोपटात पाळला जातो. त्याच्यावर गेल्या अर्धशतकात इंग्रजी आणि फ्रेंच भाषांत पुष्कळ संशोधन प्रसिद्ध झाले आहे. पशुपालनातील शोधनिबंध वाचायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे साहित्य विशेष उपयोगी आहे, कारण एक रानटी प्राणी पाळीव होण्याची प्रक्रिया येथे फार पूर्वी कधीतरी घडून गेलेली नाही. ती शास्त्रज्ञांच्या देखत, त्यांच्या नोंदवह्यांत वजने लिहिली जात असताना चालू राहिली. हा लेख ग्रासकटर कसा पाळावा हे सांगत नाही. त्याच्यावरील निबंधांतील आकडे कसे तपासावेत आणि गोव्यात सशांसारख्या प्राण्यावर छोटा प्रयोग करताना त्यांतून काय घ्यावे, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे.

गोव्यात हा प्राणी पाळण्याचा विचार प्रथमच बाजूला ठेवावा. केंद्र सरकारचा परवाना आणि विलगीकरण यांखेरीज परदेशी प्राणी देशात आणता येत नाही, आणि ज्या प्राण्यांचे मांस विकण्यास आपल्या अन्नसुरक्षा नियमांची मान्यता आहे, त्यांच्या यादीत कृंतक नाहीत. त्याहून मोठे कारण शेतीचे आहे. आफ्रिकेत हाच प्राणी ऊस, मका आणि कसावा यांचे नुकसान करणारा म्हणून ओळखला जातो. तो सांगे किंवा धारबांदोडा तालुक्यात पिंजऱ्यातून निसटला तर काय होईल, याची कल्पना करण्यासाठी इंग्लंडचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे १९२९ पासून फरसाठी आणलेले कॉयपू हे दक्षिण अमेरिकी कृंतक फार्ममधून सुटून पाणथळ भागांत पसरले आणि त्यांचे पूर्ण निर्मूलन होण्यास १९८९ साल उजाडले.

आधी प्राणी समजून घ्यावा

ग्रासकटरचे शास्त्रीय नाव थ्रायोनोमिस स्विंडेरियानस (Thryonomys swinderianus). दिसायला तो आपल्याकडील घुशीचा थोराड भाऊ वाटतो, परंतु नाते पाहता तो घुशीपेक्षा सत्तरीच्या रानातील साळिंदराला आणि प्रयोगशाळेतील गिनी पिगला अधिक जवळचा आहे. हे नाते केवळ वर्गीकरणाची बाब नाही. त्याच्या प्रजननाचा संथपणा त्यातूनच समजतो. उंदीर सुमारे तीन आठवड्यांत व्यातो, तर ग्रासकटरचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा, म्हणजे १५२ दिवसांच्या आसपास असतो. एका वेतात सरासरी चार पिल्ले होतात. ती अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात व थोड्याच वेळात चालू लागतात. पूर्ण वाढलेला नर चार-पाच किलोंचा, कधी त्याहूनही जड होतो, आणि मादी त्याच्यापेक्षा लहान राहते. नर-मादी ओळखण्यासाठी गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधील अंतर पाहतात. नरात ते मादीच्या जवळजवळ दुप्पट असते. वरच्या पटाशीच्या दातांवर उभ्या खाचा असतात, आणि गवताचे जाड देठ तो त्या दातांनी सहज कापतो. चाऱ्यातील तंतुमय भाग मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या उंडुकात जिवाणूंकडून आंबवला जातो, आणि तेथून बाहेर येणाऱ्या मऊ लेंड्या प्राणी पुन्हा खातो. सशांतही हीच सोय आहे, म्हणून ससा कृंतक नसला तरी तुलनेसाठी चालतो.

संदर्भ शोधताना केवळ ग्रासकटर या नावावर विसंबू नये. घाना आणि नायजेरियाच्या निबंधांत हे नाव असते, आफ्रिकेच्या दक्षिणेकडील लेखनात केन रॅट (cane rat) असते, आणि बेनिन व टोगो येथील फ्रेंच निबंधांत ओलाकोद (aulacode). रोमन लिपीत ही तिन्ही नावे आणि शास्त्रीय नाव टंकून शोध घेतला नाही, तर बेनिनमधील काम हाती लागतच नाही, आणि नेमके तेच सर्वांत पद्धतशीर आहे. घानातील वन्यजीव अधिकारी इमॅन्युएल असिबे यांचे लेखन १९७४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९८० च्या दशकात बेनिनमध्ये जर्मन साहाय्याने निवडक पैदाशीचा कार्यक्रम सुरू झाला आणि गी आपोलिनेर मेन्सा यांच्यासारख्या संशोधकांनी आहार व प्रजनन यांवर दीर्घकाळ काम केले. फ्रेंच येत नसेल तर यांत्रिक भाषांतराने पद्धतीचा भाग आणि तक्ते समजतात. चर्चेचा भाग मात्र अशा भाषांतरावरून उद्धृत करू नये.

निष्कर्षाआधी पद्धत वाचावी

निबंध हाती आला की सारांश आणि निष्कर्ष सोडून थेट साहित्य व पद्धती हा भाग उघडावा आणि प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारावा : येथे ‘एक’ म्हणून काय मोजले आहे? पशुआहाराच्या छोट्या प्रयोगांतील बहुतेक चुका या एका प्रश्नाने उघड्या पडतात, असे माझे मत आहे.

उदाहरणादाखल, तीन प्रकारच्या खाद्यांची तुलना करणारा एक प्रयोग कल्पावा. त्यात २४ प्राणी आहेत, प्रत्येक खाद्याला आठ, आणि ते चार-चारच्या गटाने सहा कप्प्यांत ठेवले आहेत. खाद्य कप्प्याला घातले जाते, प्राण्याला नव्हे. एका कप्प्यातील दांडगा नर इतरांना गव्हाणीपासून दूर ठेवत असेल, एका कप्प्यावर दुपारचे ऊन येत असेल, किंवा एकात खोकल्याची साथ आली असेल, तर त्याचा परिणाम त्या चारही प्राण्यांवर एकत्रच होतो. म्हणून ते चार स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. येथे प्रायोगिक एकक कप्पा आहे, आणि प्रत्येक खाद्याच्या पुनरावृत्ती आठ नसून दोनच आहेत. लेखकाने विश्लेषणात २४ प्राणी धरले असतील, तर त्रुटीसाठी २१ स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम; येथे एककांच्या संख्येतून खाद्यांची संख्या वजा करून उरणारा आकडा) दाखवल्या जातील. कप्पे धरले तर त्या केवळ तीन उरतात. पहिल्या हिशेबात ठळकपणे लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोगाने न आलेला, ठरलेला फरक दुसऱ्या हिशेबात बहुधा टिकत नाही. स्वातंत्र्यमात्रांचा तक्ता दिलेला नसेल तर कप्प्यांची संख्या आणि प्रत्येक कप्प्यातील प्राणी यांवरून हा हिशेब आपणच करावा. त्याला कागद-पेन्सिल पुरते.

वेताचाही असाच विचार करावा लागतो. एकाच मादीची चार भावंडे एकाच खाद्याच्या वाट्याला आली, तर दिसणारी वाढ खाद्याची की त्या मादीच्या दुधाची हे सांगता येत नाही. चांगल्या प्रयोगात प्रत्येक वेतातील भावंडे वेगवेगळ्या गटांत वाटलेली असतात आणि नर-मादींचे प्रमाण सर्व गटांत सारखे ठेवलेले असते. ग्रासकटरमध्ये नर मादीपेक्षा जड होत असल्याने, ज्या गटात नर अधिक तो गट खाद्य काहीही असले तरी पुढेच राहतो. म्हणून लिंगाची विभागणी सांगितलेलीच नसेल, तर त्या निबंधातील वजनवाढीचे आकडे मी लघुप्रबंधाच्या तक्त्यात घेऊ देणार नाही.

यानंतर मेलेल्या प्राण्यांची संख्या शोधावी. समजा, एका गटात सुरुवातीला दहा पिल्ले आहेत : सात ५५० ग्रॅमची आणि तीन अशक्त, ४०० ग्रॅमची. गटाची सरासरी ५०५ ग्रॅम झाली. पुढे ती तीन अशक्त पिल्ले मेली आणि उरलेल्या सातांचे वजन एका ग्रॅमनेही वाढले नाही, तरी अखेरची सरासरी ५५० ग्रॅम येईल आणि तक्त्यात ४५ ग्रॅमची वाढ दिसेल, जी प्रत्यक्षात झालेलीच नाही. वाढ नेहमी शेवटपर्यंत जगलेल्या त्याच प्राण्यांच्या सुरुवातीच्या वजनापासून मोजलेली असावी आणि मृत्यू स्वतंत्र रकान्यात नोंदवलेले असावेत. ग्रासकटरच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण रानातून पकडलेले प्राणी पिंजऱ्यात भेदरून, जाळीवर आदळून, एकमेकांशी भांडून किंवा न्यूमोनियाने मोठ्या प्रमाणात मरतात, हे सुरुवातीपासून नोंदले गेले आहे.

तेव्हा प्रयोगातील प्राणी कोठून आले हेही पद्धतीच्या भागातच पाहावे. रानातून आणलेला प्राणी आणि पिंजऱ्यात कित्येक पिढ्या वाढलेल्या वंशातील प्राणी यांचे खाणे, भीती आणि वेतांमधील अंतर सारखे नसते. बेनिनमधील पैदास कार्यक्रमात शांत स्वभाव हा निवडीचा एक निकषच होता. दोन निबंधांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसले, तर खाद्यातील फरक शोधण्याआधी प्राण्यांच्या पिढीतील फरक शोधावा.

चारा : ओला किती, सुका किती, वाया किती

आहाराच्या निबंधांत ‘दररोज इतके ग्रॅम खाद्य खाल्ले’ असे वाक्य हमखास येते. हे ग्रॅम ओल्या चाऱ्याचे की शुष्क पदार्थाचे (पाणी वगळून उरणाऱ्या भागाचे), हे ठरल्याशिवाय पुढे वाचू नये. हत्तीगवतात कोवळेपणी सुमारे २० टक्के शुष्क पदार्थ धरला, तर ३०० ग्रॅम गवत म्हणजे ६० ग्रॅम शुष्क पदार्थ. कोरड्या पशुखाद्यात तो ९० टक्के धरला, तर ७० ग्रॅम खाद्यात ६३ ग्रॅम. कागदावर एक प्राणी दुसऱ्याच्या चौपटीहून अधिक खातो असे दिसते, प्रत्यक्षात दोघांच्या पोटात जवळजवळ तेवढेच जाते.

ग्रासकटरचा खरा घोळ वाया जाणाऱ्या चाऱ्यात आहे. त्याला पानांपेक्षा जाड, रसाळ देठ आवडतात. तो देठ कापतो, थोडा कुरतडतो आणि उरलेला खाली टाकून देतो. या उरलेल्या चाऱ्याचे वजन कसे घेतले, यावर संपूर्ण प्रयोग तोलला जातो. समजा, ३०० ग्रॅम गवत घातले आणि त्यातील १०० ग्रॅम न खाता पडले. त्या १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम शुष्क पदार्थ होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते सुकून त्यातील शुष्क पदार्थाचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले, तर काट्यावर ते सुमारे ६७ ग्रॅमच भरेल, आणि सरळ वजाबाकी करणारा संशोधक प्राण्याने २३३ ग्रॅम खाल्ले असे लिहील, जेव्हा खरा आकडा २०० आहे. पावसाळ्यात याच्या उलट होते : मूत्राने आणि दमट हवेने भिजलेला उरलेला चारा जड भरतो आणि प्राणी कमी खाल्ल्यासारखा दिसतो. यावर उपाय एकच, की घातलेला आणि उरलेला असे दोन्ही नमुने ओव्हनमध्ये वाळवून शुष्क पदार्थावरच वजाबाकी करावी. रासायनिक विश्लेषणासाठी नमुना ६० ते ६५ अंश सेल्सिअसला वाळवतात. केवळ शुष्क पदार्थ काढायचा असेल तर १०५ अंशांना, वजन स्थिर होईपर्यंत. ओव्हनचे तापमान आणि वाळवण्याचा काळ निबंधात दिलेला नसल्यास त्या निबंधातील खाद्य-रूपांतर गुणोत्तर (एक किलो वजनवाढीला किती किलो खाद्य लागले तो आकडा) जपूनच वापरावे.

पचनीयतेचे गणित त्यामानाने सोपे आहे. ६० ग्रॅम शुष्क पदार्थ पोटात गेला आणि लेंड्यांतून २४ ग्रॅम बाहेर पडला, तर पचनीयता ६० टक्के. मात्र मऊ लेंड्या प्राणी थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेत असल्याने त्या जाळीखालच्या ट्रेमध्ये येत नाहीत, आणि जाळीचा तळ ठेवला म्हणून हा प्रकार थांबतही नाही. काही प्रयोगांत त्या गोळा करण्यासाठी मानेत पट्टा घालतात. तसे केले असेल तर मिळालेला आकडा स्वतःच्या नेहमीच्या आहाराचा एक भाग हिरावला गेलेल्या प्राण्याचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

वेतांचा हिशेब

नफ्याचे अंदाज बहुधा वेतातील पिल्लांच्या संख्येवर उभे असतात, आणि तेथेही ‘एक’ कोणता हा प्रश्न लागू पडतो. २० माद्यांकडे नर सोडला, त्यांतील १४ व्याल्या आणि ५६ पिल्ले झाली, तर व्यालेल्या मादीमागे चार पिल्ले येतात, परंतु पोसलेल्या मादीमागे २.८ च. चारा मात्र २० जणींना घालावा लागला. पशुपालकाच्या उपयोगाचा आकडा दुसरा आहे. निबंधाच्या सारांशात पहिला असतो.

वर्षाचा हिशेब कालावधीवरून मांडावा. गाभणकाळ १५२ दिवस, दूध तोडेपर्यंत ४५ दिवस आणि पुन्हा गाभण राहण्यास २० दिवस असे गृहीत धरले, तर एक फेरी २१७ दिवसांची होते आणि वर्षाला सुमारे १.७ वेते मिळतात. वेताला चार पिल्ले धरली तर मादीमागे सातही पिल्ले भरत नाहीत. गिनी पिगचा गाभणकाळ सुमारे ६८ दिवस आणि सशाचा सुमारे ३१ दिवस आहे, हे शेजारी ठेवले की ग्रासकटर झपाट्याने वाढतो असे कुणी म्हटले तर त्याला काय विचारावे हे वेगळे सांगायला नको. त्याचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे : त्याचे मांस त्या प्रदेशात अतिशय आवडीने खाल्ले जाते, त्याच्या शिकारीसाठी रानाला आगी लावल्या जातात, आणि माणसाला निरुपयोगी असलेल्या जाड गवतावर तो वाढतो. ही कारणे घानात आणि बेनिनमध्ये खरी आहेत. गोव्यात त्यांपैकी बाजारपेठेचे कारण मुळातच नाही.

हवामानाचे आकडेही उचलताना जपावे. दक्षिण घानात वर्षाला दोन पावसाळे असतात आणि आक्राच्या परिसरात वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास असतो. गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो. तेथील ‘पावसाळी हंगामातील वाढ’ येथे तशीच लावता येणार नाही.

गोव्यातील प्रयोग

या वाचनाचा उपयोग करून लघुप्रबंधासाठी प्रयोग आखायचा असेल, तर ससा हा सोयीचा प्राणी आहे आणि स्थानिक प्रश्नांची कमतरता नाही. उदाहरणार्थ, हुर्राक आणि फेणी या मद्यांसाठी रस काढल्यानंतर काजूबोंडांचा चोथा ढिगाने उरतो. तो वाळवून सशांच्या खाद्यात मिसळल्यास वाढीवर आणि पचनीयतेवर काय परिणाम होतो, हे तपासता येईल. बोंडांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते आणि टॅनिन प्रथिनांशी बांधले जाऊन त्यांचे पचन घटवते, त्यामुळे खाद्यातील त्याचे प्रमाण किती ठेवावे हा प्रश्न खरोखरच विचारण्याजोगा आहे.

सर्वप्रथम परवानगी घ्यावी. प्राण्यांवरील प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९९८ च्या नियमांच्या कक्षेत येतात. त्यासाठी नोंदणीकृत संस्था आणि तिच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. आपल्या महाविद्यालयाची अशी नोंदणी नसेल, तर घरच्या खुराड्यात प्रयोग उरकण्याचा मोह टाळावा, कारण मान्यता क्रमांकाशिवाय असलेला निबंध बहुतेक नियतकालिके स्वीकारत नाहीत. नोंदणीकृत संस्थेशी सहकार्य करावे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी मार्गदर्शकामार्फत विचारणा करता येते. तेही न जमल्यास प्रकाशित निबंधांतील आकड्यांचे वर उल्लेखलेल्या कसोट्यांवर पुनर्मूल्यमापन हा स्वतंत्र विषय होऊ शकतो.

हंगाम ठरवताना एक अडचण नीट समजून घ्यावी. चोथा मिळतो फेब्रुवारी-मार्च ते मे या काळात, आणि गोव्यातील उकाडाही त्याच काळात वाढतो. सशांना तीस अंशांपुढील उष्णता सोसत नाही. ते खाणे कमी करतात. एप्रिल-मेमध्ये प्रयोग केला तर सगळेच गट उकाड्याने मंदावतील आणि खाद्यांमधील खरा फरक त्यात झाकला जाईल. म्हणून चोथा हंगामात कडक उन्हात वाळवावा, त्यातील ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत तपासावा, हवाबंद पिंपांत भरावा आणि प्रयोग नोव्हेंबर ते जानेवारीत करावा. मधला पावसाळा हा खरा धोका आहे. झाकण नीट न बसलेल्या पिंपात बुरशी धरते आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते, तेव्हा वापरण्याआधी प्रत्येक पिंपाचा नमुना तपासून घ्यावा. कुबट वास आलेले पिंप प्रयोगातून वगळावे आणि तशी नोंद करावी.

मांडणीसाठी बारा कप्पे, प्रत्येकात एकाच लिंगाचे व जवळपास सारख्या वजनाचे दोन ससे, आणि शून्य, दहा व वीस टक्के चोथा अशी तीन खाद्ये एवढे पुरे. चार-चार कप्पे प्रत्येक खाद्याला चिठ्ठ्या टाकून द्यावेत. नर आणि मादी यांचे कप्पे सर्व खाद्यांत सारखे यावेत, आणि एका वेतातील भावंडे तिन्ही खाद्यांत विभागावीत. नव्या खाद्याची सवय होण्यासाठी पहिला आठवडा-दहा दिवस मोजणीतून वगळावेत. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, सकाळी खाद्य घालण्यापूर्वी, त्याच काट्यावर घ्यावे. विश्लेषणात एकक कप्पा असेल, म्हणजे प्रत्येक खाद्याच्या चार पुनरावृत्ती होतील, हे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच आराखड्यात लिहून मार्गदर्शकाची सही घ्यावी. आकडे हाती आल्यावर एकक बदलण्याची इच्छा फार तीव्र होते.

पिंजरे जमिनीपासून उंच ठेवावेत आणि खाद्याच्या पिंपांपर्यंत रानउंदीर पोहोचणार नाहीत अशी व्यवस्था करावी, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि सफाई करणाऱ्याच्या पायाला जखम असेल तर धोका त्यालाही असतो. गमबूट आणि हातमोजे यांचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

ससा मेल्यास त्याच दिवशी कप्पा, वजन, लक्षणे आणि शक्य असल्यास पशुवैद्यकाच्या शवविच्छेदनाचा निष्कर्ष नोंदवावा. कप्प्यात मागे राहिलेल्या एका सशाचे खाणे दोन सशांच्या खाण्याशी जोडू नये. त्या दिवसापासून कप्प्याचे सेवन प्रत्यक्ष जिवंत सशांच्या दिवसांनी भागावे. मृत्यूंची संख्या लघुप्रबंधाच्या सारांशातच द्यावी, आणि शुष्क पदार्थाच्या मूळ नोंदी, ओव्हनच्या तापमानासह, परिशिष्टात जोडाव्यात, म्हणजे पुढच्या तुकडीतील विद्यार्थ्याला तोच प्रश्न तीस टक्के चोथ्यावर तपासताना सुरुवात कोठून करावी हे शोधत बसावे लागणार नाही.